थर पातळ आहे आणि मेश होत नाही: वाचकांचे प्रश्न, उत्तरं

गेल्या अंकात भूजलाच्या मॉडेलमध्ये जमिनीखालचे थर कसे मांडायचे यावर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातली बहुतेक एकाच जागी अडकलेली आहेत, थर पातळ आहे आणि मेश (हिशोबासाठी क्षेत्राचे लहान लहान तुकडे, म्हणजे सेल किंवा एलिमेंट, पाडून केलेली जाळी) होत नाही, किंवा झाली तर मॉडेल चालत नाही. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत.

प्रश्न: ताई, माझ्याकडे ४२ बोअरचे लॉग (किती खोलीवर काय लागलं याच्या नोंदी) आहेत. वर वाळू, मधे चिकणमाती, खाली परत वाळू. चिकणमाती कुठे दीड मीटर आहे तर कुठे जेमतेम ३० सेंटिमीटर, आणि काही बोअरमध्ये ती लागलेलीच नाही. वरून त्रिकोणांची मेश छान होते पण थर लावायला गेलं की जाडी शून्य किंवा ऋण आहे असा एरर येतो आणि दोनशेच्या वर सेलची यादी समोर येते. कमीत कमी जाडी १ मीटर टाकली तर एरर गेला, पण आता खालच्या वाळूतली पाण्याची पातळी मोजलेल्या पातळीशी अजिबात जुळत नाही. मेश अजून बारीक करू का?

उत्तर: नको, बारीक करू नका, दोनशेची यादी दोन हजारांची होईल आणि चूक तिथेच राहील. तुमची मेश ठीक आहे, गडबड सरफेसमध्ये, म्हणजे थरांच्या माथ्या-तळाच्या पृष्ठभागांत आहे. तुम्ही बहुतेक चिकणमातीचा वरचा सरफेस वेगळा क्रिग केलाय (बोअरच्या आकड्यांवरून मधल्या जागेचा अंदाज काढलाय) आणि खालचा वेगळा. दोन बोअरच्या मधल्या जागेत त्या प्रत्येकात एखाद्या मीटरची चूक सहज असते, आणि थर आहे ४० सेंटिमीटरचा, मग ते दोन सरफेस एकमेकांतून आरपार जाणारच ना. सॉफ्टवेअर फक्त तेच सांगतंय की इथे तळ वर आलाय आणि माथा खाली गेलाय.

माझी पद्धत अशी, की सगळ्यात जास्त पॉइंट ज्या सरफेसला आहेत तो एकच सरफेस उंचीचा म्हणून घ्यायचा, आणि बाकीच्या थरांची जाडी क्रिग करायची, मग वरून एकेक जाडी वजा करत खाली उतरायचं. जाडी कुठे ऋण आलीच तर तिथे शून्यावर कापायची. एवढ्याने सरफेस एकमेकांना छेदणं बंद होतं कारण छेदायला जागाच उरत नाही.

आता ज्या बोअरमध्ये चिकणमाती लागली नाही ते लॉग परत एकदा नीट वाचा, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बोअर चिकणमातीच्या खोलीच्या पार खाली गेलं आणि तरी चिकणमाती मिळाली नाही, तर तिथे जाडी ० लिहायची, ती खरी माहिती आहे. पण बोअर वरच्या वाळूतच थांबलं असेल तर तिथे काहीच लिहायचं नाही, रकाना रिकामा ठेवायचा. मी तपासलेल्या कितीतरी मॉडेलमध्ये हे उलटं झालेलं असतं, शून्याच्या जागा रिकाम्या सोडलेल्या असतात आणि मग क्रिगिंग आजूबाजूच्या बोअरवरून तिथे छान अर्धा मीटर चिकणमाती पसरून देतं. जमिनीत चिकणमातीत जिथे खिडकी आहे तिथे मॉडेलमध्ये ती बंद होते.

आणि तुमची पातळी जुळत नाही ती नेमकी याच कारणाने. १ मीटर कमीत कमी जाडी टाकल्यावर जिथे चिकणमाती नाहीच तिथेही तुम्ही १ मीटर चिकणमाती घातलीत, वरचं पाणी खाली उतरायची वाटच बंद केलीत. कमीत कमी जाडी लावायलाच लागते, काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थर पूर्ण क्षेत्रभर असावाच लागतो, ते मान्य आहे, पण ती १० सेंटिमीटर ठेवा आणि जिथे थर नाही तिथे त्या पातळ पट्टीला वरच्या किंवा खालच्या वाळूचेच गुणधर्म द्या, म्हणजे मेशमध्ये थर असेल आणि पाण्याच्या दृष्टीने नसेल. जिथे थर खरंच आहे पण पातळ आहे आणि तुम्ही जाडी वाढवली, तिथे हिशोब भरून काढा. चिकणमाती असेल तर पाणी तिच्यातून उभं जातं, म्हणून उभी पारगम्यता (उभ्या दिशेने पाणी किती सहज जातं तो आकडा) भागिले जाडी हा आकडा तोच राहिला पाहिजे: जाडी ५ पट केली तर उभी पारगम्यताही ५ पट करा. पातळ वाळूची पट्टी असेल तर उलटं, तिच्यातून पाणी आडवं जातं, तिथे पारगम्यता गुणिले जाडी तीच ठेवायची, म्हणून जाडी ५ पट तर आडवी पारगम्यता ५ने भागायची. साठवण गुणांक (दर मीटर जाडीत किती पाणी साठतं तो आकडा) दोन्हीकडे ५ने भागायचा. आणि वाढवलेली जाडी कुणाकडून घेतली तेही लिहून ठेवा, खालच्या जाड वाळूतून घेतली तर काही बिघडत नाही, पण सगळे खालचे थर तेवढेच खाली ढकलले गेले तर तळाची उंची बोअरशी जुळेनाशी होते.

प्रश्न: मी एमटेकला आहे. जीमेश या मेश करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेट्राहेड्रॉनची, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांची मेश करतेय, थर चार, सगळ्यात पातळ ०.३ मीटर आणि तो एका बाजूला निमुळता होत संपतो. सरफेस एसटीएल फाइलमधून (त्यात सरफेस त्रिकोणांनी लिहिलेला असतो) आणलेत. कधी ओव्हरलॅपिंग फॅसेट (सरफेसचे त्रिकोण एकमेकांवर पडतात) असा एरर येतो, कधी रेषा आणि फॅसेट एकमेकांना छेदतात असा पीएलसी एरर. टॉलरन्स वाढवून अर्धा मीटर केला तर अजूनच बिघडलं. दोन आठवडे गेलेत मॅडम.

उत्तर: दोन आठवडे गेले तरी हरकत नाही, यात सगळेच अडकतात, आणि तुमच्या पत्रात एकावर एक चार कारणं दिसतायत त्यामुळे एक दुरुस्त केलं तरी दुसरं उभं राहतं.

सगळ्यात आधी तो टॉलरन्स मागे घ्या. तुमचा थर ०.३ मीटरचा आहे आणि तुम्ही सांगताय की अर्ध्या मीटरच्या आतले पॉइंट एकच समज, मग थराच्या माथ्याचे पॉइंट त्याच्याच तळाला चिकटणार, कुठे चिकटतील कुठे नाही, आणि फॅसेट एकावर एक पडणार. टॉलरन्स सगळ्यात पातळ थराच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहानच हवा, म्हणजे तुमच्याकडे ३ सेंटिमीटरच्या आत.

मग कोऑर्डिनेट बघा. यूटीएमचे (नकाशावरचे मीटरमधले) आकडे तसेच ठेवलेत का? बायनरी एसटीएलमध्ये आकडे ३२ बिटमध्ये साठवले जातात, आणि उत्तरेचा आकडा ३० लाखांच्या घरात असेल तर तिथे दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर पाव मीटर असतं, त्याच्या मधला आकडा लिहिताच येत नाही. उंचीला त्याचा त्रास होत नाही कारण उंचीचा आकडा लहान असतो, पण विहिरीजवळ तुम्ही १०-२० सेंटिमीटरचे त्रिकोण केले असतील तर ते आडव्या दिशेत चेपून सुईसारखे होतात नाहीतर त्यांचं क्षेत्रफळ शून्यच होतं. उपाय अगदी सोपा आहे, एसटीएल बनवायच्या आधीच क्षेत्राच्या कोपऱ्याचा आकडा सगळ्यांतून वजा करून टाका, शेवटी परत मिळवा. एसटीएल झाल्यावर वजा केलं तर काही उपयोग नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत.

तिसरं ते निमुळतं टोक. समजा थर ३०० मीटरच्या अंतरात ०.५ मीटरवरून शून्यावर येतो, तर टोकाचा कोन साधारण ०.१ अंश होतो. हा कोन तुम्ही स्वतः भूमितीत दिलाय, मेशर तो बदलू शकत नाही, तो फक्त त्यात मावतील असे चपटे टेट्राहेड्रॉन भरत राहतो आणि शेवटी थकतो. म्हणून टोक बोथट करा, जाडी १० सेंटिमीटर झाली की थर तिथेच उभा कापून संपवा आणि पुढची जागा शेजारच्या थराला द्या. पाण्याच्या हिशोबात फरक नगण्य पडतो.

चौथं, शेजारच्या दोन थरांनी मधला सरफेस एकच वापरला पाहिजे. वरच्या थराचा तळ आणि खालच्या थराचा माथा अशा दोन वेगळ्या प्रती असतील आणि त्यांचे त्रिकोण वेगळे असतील तर ते एकमेकांना जागोजागी छेदतातच. भूमिती ओपनकॅस्केडमध्ये (जीमेशच्या आतलं भूमितीचं इंजिन) असेल तर बूलियन फ्रॅगमेंट्स चालवून सीमा एक करता येतात, पण एसटीएलला ते जमत नाही, तिथे तुम्हालाच एक प्रत काढून टाकावी लागते.

हे सगळं करा, पण त्याआधी मला मनापासून विचारायचंय की टेट्राहेड्रॉनच का? १० किलोमीटर बाय १० किलोमीटरचं क्षेत्र असेल आणि ०.२ मीटरच्या थरात नीट आकाराचे टेट्राहेड्रॉन बसवायचे म्हटले तर वरून बघितलं तर ०.२ मीटरचे २५० कोटी चौकोन होतात, फक्त एका थरात. तेच १०० मीटरचे चौकोन करून प्रत्येकाचे दोन त्रिकोण केले तर एका थराला २० हजार प्रिझम (वर-खाली त्रिकोण असलेले उभे तुकडे) लागतात. जीमेशमध्ये २डी मेश करून लेयर देऊन एक्सट्रूड करता येते, नंतर नोडच्या (मेशच्या कोपऱ्यांच्या) उंची तुमच्या सरफेसवर नेऊन बसवायच्या. बोगदा, तिरकी भेग, आडवी विहीर असं काही असेल तर टेट्राहेड्रॉन घ्या, नुसते आडवे थर असतील तर प्रिझमच घ्या. तुमच्या पत्रात तरी असं काही दिसलं नाही.

प्रश्न: नदीच्या काठाने मेश करताना एलिमेंट लाखांत जातात, कधी कधी मेशर थांबतच नाही. त्रिकोणाचा किमान कोन ३५ अंश दिलाय, क्वालिटी चांगली यावी म्हणून.

उत्तर: ३५ जास्त आहे, त्यामुळेच थांबत नाही. जोनाथन शेवचुक यांचा ट्रँगल हा मेशर बऱ्याच सॉफ्टवेअरच्या आत बसलेला असतो, त्यात कोन नाही सांगितला तर तो २० अंश धरतो, ३३ पर्यंत बहुतेक वेळा जमतं आणि ३४ च्या पुढे तो सहसा संपतच नाही, पॉइंट घालत राहतो. २५ वर आणा आणि बघा. दुसरं, नदीची रेषा बहुतेक नकाशावरून काढलेली असेल आणि तिच्यावर दर दोन-तीन मीटरला पॉइंट असतील. मेशरला तो प्रत्येक पॉइंट पाळावाच लागतो. आधी रेषा सोपी करा, डग्लस-पॉयकर नावाची पद्धत जवळपास सगळ्या जीआयएसमध्ये (नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, आणि मग ठरावीक अंतरावर नवे पॉइंट घाला. नदी जिथे थराच्या सीमेला किंवा मॉडेलच्या कडेला अगदी तिरकी जाऊन मिळते तिथे झूम करून बघा, दोन रेषांमध्ये ३-४ अंशांची फट असेल तर एकीचा पॉइंट सरकवून दुसरीवर बसवा.

प्रश्न: मेश झाली पण सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तर स्थिरावत नाही. एकाने सांगितलं लांबी आणि जाडीचं गुणोत्तर १० च्या आत पाहिजे, माझं ५०० आहे. म्हणजे सगळी मेश फेकून द्यायची का?

उत्तर: नाही हो, फेकू नका. तो १० चा नियम टेट्राहेड्रॉनच्या जगातून आलाय आणि थरांना लावला जातो. आडव्या थरात पाणी आडवं जातं आणि थरांमधून उभं जातं, प्रिझम किंवा चौकोनी सेल त्याच दिशांना लावलेले असले की १०० मीटर लांब आणि २० सेंटिमीटर जाड सेल बऱ्याच मॉडेलमध्ये बिनबोभाट चालतो.

पण ५०० चा परिणाम कुठे होतो ते समजून घ्या म्हणजे सॉल्व्हरशी झगडा कमी होईल. वाळूची पारगम्यता दिवसाला १० मीटर धरा, दोन्ही दिशांना तीच. शेजारच्या सेलशी आडवं जोडणारा आकडा होतो १० गुणिले ०.२, म्हणजे २. तेवढ्याच जाडीच्या खालच्या सेलशी उभं जोडणारा आकडा होतो १० गुणिले १०,००० (सेलचं क्षेत्रफळ, १०० बाय १००) भागिले ०.२, म्हणजे ५ लाख. एकाच मॅट्रिक्समध्ये शेजारी शेजारी २ आणि ५ लाख, अडीच लाख पटींचा फरक, ५०० चा वर्ग. यात काही चूक नाही, पण साधा प्रीकंडिशनर (समीकरणं सोडवायला सोपी करून देणारी पायरी) असेल तर सॉल्व्हर अडखळतो. तर आधी सॉल्व्हर बदलून बघा, प्रीकंडिशनरची पातळी वाढवा, आतल्या इटरेशनची (फेऱ्यांची) मर्यादा वाढवा. एकाच वाळूचे उगाच पाच पातळ थर केले असतील तर ते एकत्र करा, तिथे उभा फरक नसतोच आणि तुम्ही नुसते ५ लाखवाले आकडे वाढवत असता. आणि पातळ सेल वरच्या बाजूला असतील आणि पाण्याची पातळी त्यांच्यातून वर-खाली होत असेल तर ते कोरडे होतात, परत भिजतात, परत कोरडे होतात, आणि दिसताना वाटतं की मेश वाईट आहे. मॉडफ्लो या भूजलाच्या सॉफ्टवेअरची एनडब्ल्यूटी आवृत्ती २०११ साली याच दुखण्यासाठी आली आणि मॉडफ्लो ६ मध्ये न्यूटनचा पर्याय (कोरडे होणारे सेल सांभाळून घेणारी पद्धत) आहे, तो चालू करा. माझ्या अनुभवात कन्व्हर्ज न होण्याची तक्रार जास्त वेळा कोरड्या सेलची निघते, गुणोत्तराची क्वचित.

प्रश्न: मॉडफ्लो ६ मध्ये जिथे थर नाही तो सेल इनॲक्टिव्ह केला, तर वरच्या आणि खालच्या वाळूचा संबंधच तुटला. हा बग आहे का?

उत्तर: बग नाही. आयडोमेनमध्ये (कुठला सेल चालू, कुठला बंद ते सांगणारी यादी) ० दिलं की सेल बंद होतो आणि त्याच्यातून उभं पाणीही जात नाही. तिथे -१ द्या, मग तो सेल नसल्यासारखा धरला जातो आणि वरचा सेल थेट खालच्याला जोडला जातो. ० हे क्षेत्राच्या बाहेरच्या सेलसाठी ठेवा. डीआयएसव्ही (वरून वेगवेगळ्या आकाराचे सेल चालतात अशी मेश) वापरत असाल तर अजून एक, प्रत्येक सेलचे कोपरे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लिहिलेले हवेत, आणि मोठ्या सेलच्या कडेला दोन लहान सेल येऊन टेकत असतील तर मधला कोपरा मोठ्या सेलच्या यादीतही पाहिजे, नाहीतर ते शेजारी आहेत हे त्याला कळतच नाही.

प्रश्न: आमच्या क्षेत्रात एक फॉल्ट आहे, ६ मीटरची सरक, आणि थर अर्ध्या मीटरचे. मेश होते, एरर नाही, पण फॉल्टपाशी पाणी विचित्र वाहतं.

उत्तर: एरर आला नाही याचीच मला जास्त काळजी वाटते. थरांच्या मेशमध्ये तिसरा थर तिसऱ्या थरालाच जोडलेला असतो, मग फॉल्टच्या पलीकडे तो ६ मीटर खाली का असेना. जमिनीत तो थर तुटलाय आणि त्याच्यासमोर दुसराच कुठला थर आलाय, मॉडेलमध्ये मात्र तो घसरगुंडीसारखा वाकून अखंड गेलाय. फॉल्टवर अरुंद पट्टी करा, तिच्या दोन्ही बाजूंना नोडच्या रेषा ठेवा, आणि पट्टीला फॉल्टची स्वतःची पारगम्यता द्या. फॉल्ट पाणी अडवतोच असं माहीत असेल तर मॉडफ्लोचं एचएफबी पॅकेज (दोन सेलच्या मधे आडवं पाणी अडवणारी भिंत) पुरेसं आहे. पण समोरासमोर आलेल्या वाळूतून पाणी जात असेल तर डीआयएसयूसारखी मोकळी जोडणी लागेल, ज्यात कुठला सेल कुठल्या सेलला किती क्षेत्रफळाने टेकतो ते तुम्ही स्वतः सांगता. काम जास्त आहे, पण या केसमध्ये करायलाच हवं असं मला वाटतं.

प्रश्न: हा २० सेंटिमीटरचा थर मेशमध्ये ठेवायलाच हवा का? काढून टाकला तर सगळे एरर जातात.

उत्तर: आधी हिशोब करा, मग काढा. चिकणमातीची उभी पारगम्यता दिवसाला ०.०००१ मीटर धरली आणि जाडी ०.२ मीटर, तर वर-खाली पातळीत २ मीटर फरक असताना दिवसाला १ मिलिमीटर पाणी खाली झिरपतं. ऐकायला थोडं वाटतं, पण एका चौरस किलोमीटरवर ते दिवसाला १,००० घनमीटर झालं. आणि हाच थर काढून टाकलात तर दोन्ही वाळूंची पातळी जवळजवळ एकच होईल, तो २ मीटरचा फरकच मॉडेलमध्ये दिसणार नाही. म्हणून पाण्याच्या हिशोबातून थर काढायचा नाही, मेशमधून मात्र काढता येतो. दोन वाळूंच्या मधे नुसता एक गळतीचा आकडा द्यायचा, उभी पारगम्यता भागिले जाडी, इथे ०.०००५. मॉडफ्लो २००५ मध्ये असा अर्धवट थर थेट देता यायचा, मॉडफ्लो ६ मध्ये ती सोय काढलीये, तिथे खरा लेयरच द्यावा लागतो, पण तिथे उभ्या बाजूंचे सेल असल्याने पातळ लेयरचा त्रास तसाही कमी असतो. फाइनाइट एलिमेंटमध्ये असाल तर कमी जाडीच्या फटीसारखा इंटरफेस देता येतो का ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा.

गळतीचा आकडा कधी चालणार नाही तेही सांगते. त्यात चिकणमातीतलं स्वतःचं साठलेलं पाणी धरलेलं नसतं. दाबातला बदल थरातून पार व्हायला किती वेळ लागतो ते साठवण गुणांक गुणिले जाडीचा वर्ग भागिले पारगम्यता यावरून कळतं. साठवण दर मीटरला ०.००१ धरली तर २० सेंटिमीटरच्या थराला ०.४ दिवस लागतो, सोडून द्यायला हरकत नाही, पण ५ मीटरच्या थराला २५० दिवस लागतात, आणि तुमचं मॉडेल महिन्या-महिन्याच्या पावलाने चालत असेल तर ते सोडता येणार नाही, तिथे तो थर उभ्या दिशेत सात-आठ तुकड्यांत मेश करा. प्रदूषणाचं मॉडेल असेल तर पातळ थरही सोडू नका, कारण क्षार आणि रसायनं चिकणमातीत शिरून बसतात आणि नंतर वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतात, गळतीच्या आकड्याला ते कळत नाही.

शंका असेल तर पूर्ण मॉडेलवर प्रयोग करू नका. ५०० मीटर लांबीचा एक उभा काप घ्या, एकदा थर मेश करून आणि एकदा गळतीचा आकडा देऊन चालवा, दोन्हीच्या पातळ्या आणि खाली उतरलेलं पाणी शेजारी ठेवून बघा. फरक तुमच्या मोजलेल्या पातळीतल्या चुकीपेक्षा कमी आला तर थर मेशमधून काढून टाका.